इंजेक्शनची दुचाकी वारंवार बंद पडते, इंजिनाचा दिवा विझत नाही: सेन्सर बदलण्याआधीच्या तपासण्या

लक्षणे

हे टिपण १०० ते १२५ सीसीच्या, एका सिलिंडरच्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी कंट्रोलरच्या हिशोबाने पेट्रोल सोडणाऱ्या) मोटरसायकली आणि स्कूटर यांच्यापुरते आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यानंतर विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्या याच प्रकारच्या आहेत. यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांतून त्यांच्याविषयी ज्या तक्रारी माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्या थोड्याफार फरकाने ठरलेल्याच असतात.

सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी, की सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते, परंतु मे महिन्याच्या दुपारी दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर किल्ली बंद केल्यासारखी एकदम थांबते, आणि अर्धा तास कडुनिंबाखाली उभी केली की काही झालेच नव्हते अशा थाटात पुन्हा चालू लागते. दुसरी तक्रार फाट्यावर किंवा बाजारात गाडी उभी असतानाची आहे: रेस आपोआप वरखाली होते आणि शेवटी इंजिन बंद पडते, चालत्या गाडीला मात्र विशेष त्रास नसतो. तिसऱ्या प्रकारात गाडी एकाच ठरावीक वेगाला, म्हणजे ॲक्सिलरेटर साधारण पाव भाग फिरवलेला असताना, गुचके खाते. चौथ्या प्रकारात सुरू व्हायला वेळ लागतो, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि ॲव्हरेज लक्षात येण्याइतके घटते. काही गाड्या फक्त पाऊस पडल्यावर किंवा वॉशिंगवरून आणल्यावर रुसतात. आणि काहींना कोणताच त्रास नसतो, केवळ इंजिनाचा पिवळा दिवा विझत नाही.

किल्ली फिरवल्यावर हा दिवा काही क्षण लागून विझणे, किंवा काही गाड्यांत इंजिन सुरू होईपर्यंत लागून राहणे, हे दोष नसून दिवा व्यवस्थित असल्याचे लक्षण आहे. इंजिन सुरू झाल्यावरही तो लागून राहिला किंवा उघडझाप करू लागला तरच तक्रार समजावी. उलट, किल्ली फिरवल्यावर तो मुळीच लागत नसेल, तर जुनी गाडी विकत घेताना विशेष सावध राहावे, कारण दोष झाकण्यासाठी दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

वरील सर्व तक्रारींना गावात एकच निदान मिळते, ते म्हणजे "सेन्सर गेला". माझ्या पाहण्यात खरोखर निकामी झालेला सेन्सर कमी वेळा सापडतो. बॅटरी, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनाच्या धातूशी असलेली जोडणी), कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) आणि वायरिंग यांतला दोष बराच जास्त वेळा सापडतो. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि सेन्सरपर्यंत उशिरा पोहोचतो.

थोडे काम समजून घ्यावे

इंजिनाचा कंट्रोलर, म्हणजे ईसीएम, किती पेट्रोल सोडायचे हे स्वतः पाहून ठरवू शकत नाही. त्याच्याकडे फक्त वायरींवरून येणारे व्होल्टेज असते. ॲक्सिलरेटर किती फिरवला ते सांगणारा थ्रॉटल सेन्सर आणि हवेच्या दाबाचा मॅप सेन्सर यांना तो ५ व्होल्ट आणि अर्थ पुरवतो आणि तिसऱ्या वायरीवरून परत येणारा आकडा वाचतो. तापमानाच्या सेन्सरला दोनच वायरी असतात. क्रँकचा सेन्सर, ज्याला आपल्याकडे पल्सर कॉइल म्हणतात, मॅग्नेट फिरला की स्वतःच छोटासा प्रवाह तयार करतो. सायलेन्सरच्या पाइपावरचा ऑक्सिजन सेन्सर जळून गेलेल्या वायूत प्राणवायू उरला आहे की नाही ते कळवतो.

वायर तुटली किंवा कपलर ढिला झाला की ईसीएमपर्यंत ० किंवा ५ व्होल्टच्या जवळचा, न पटणारा आकडा पोहोचतो. तेव्हा तो दिवा लावतो, दोषाचा कोड साठवतो आणि बहुतेक सेन्सरांच्या बाबतीत स्वतःकडचा एक ठोकळ आकडा धरून गाडी कशीबशी चालवत राहतो. क्रँकच्या सेन्सरला मात्र असा पर्याय नसतो. तो सिग्नल गेला की ठिणगी कधी द्यायची आणि पेट्रोल कधी सोडायचे हेच कळत नाही, आणि इंजिन जागच्या जागी बंद होते. त्यामुळे गाडी हळूहळू कमजोर होत बंद पडली की एकदम विझल्यासारखी थांबली, हा प्रश्न गिऱ्हाइकाला सर्वांत आधी विचारावा. तापल्यावर, पावसात, हँडल वळवताना, की नुकतेच पेट्रोल भरल्यावर, हेही विचारून लिहून ठेवावे. निम्मे निदान तिथेच होते.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

किल स्विच आणि साइड स्टँडचा स्विच आधी पाहावा. पांदण रस्त्यावरची काळी माती साइड स्टँडच्या स्विचमध्ये बसून वाळते, आणि मग स्टँड वर असूनही खाली असल्याचा सिग्नल जातो. गाडी धुऱ्यावर घसरून आडवी पडली असेल तर टिल्ट सेन्सरने (गाडी कलंडल्याचे ओळखणाऱ्या सेन्सरने) इंजिन बंद केलेले असू शकते. अशा वेळी किक मारत बसण्यापेक्षा गाडी सरळ उभी करून किल्ली एकदा बंद करावी आणि पुन्हा चालू करावी.

तापल्यावर बंद पडणाऱ्या गाडीसाठी एक तपासणी वाटेतच होते. गाडी थांबताच, जवळपास विडी-सिगारेट किंवा चूल नाही हे पाहून, टाकीचे झाकण उघडावे. आत हवा ओढली गेल्याचा सूं असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे आणि सेन्सरचा काही संबंध नाही. टाकीत पेट्रोल नेहमी तळाशीच ठेवण्याची सवयही इथे नडते, कारण टाकीतला पंप त्याच्या भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो.

पेट्रोल कुठून घेतले हेही विचारावे. खेड्यात पंप दूर असल्यामुळे किराणा दुकानातून बाटलीत पेट्रोल घेणे चालतेच, आणि फवारणीच्या हंगामात टू-स्ट्रोक पंपासाठी ऑइल मिसळलेले पेट्रोल उरले की ते गाडीच्या टाकीत जाते. या ऑइलमुळे प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही काजळतात. शिवाय सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी, म्हणजे नेमके पंपाच्या तोंडाशी, जमा होतात. टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून अर्धा तास स्थिर ठेवले की खाली वेगळा थर दिसतो. थर दिसला तर टाकी रिकामी करून स्वच्छ करावी; तोवर मीटर हातात घेण्यात अर्थ नाही.

बॅटरी आणि अर्थ

इथून पुढे डिजिटल मल्टिमीटर लागतो. तीनशे-चारशे रुपयांचा साधा मीटर या कामाला पुरतो. काटा असलेला जुना मीटर आणि बल्बचा टेस्ट लॅम्प मात्र ईसीएमच्या वायरींना लावू नयेत, कारण बल्ब जितका प्रवाह ओढतो तितका या सर्किटांना झेपत नाही.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसावा. १२.२ किंवा त्याखाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करावी. सेल्फ दाबून धरलेला असताना आकडा १० व्होल्टच्या खाली जाऊ नये. तो ९ च्या खाली गेला, तर सेल्फ फिरत असूनही त्या क्षणी ईसीएम नीट जागा राहत नाही, ठिणगी आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर दोन्ही गडबडतात आणि नसलेले कोड साठतात. इंजिन सुरू करून रेस वाढवल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. तो आधी बदलावा, नाहीतर नवा सेन्सरच काय, ईसीएमही जाईल.

अर्थ तपासताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ दाबावा. पाव-अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थची वायर किंवा तिचा बोल्ट गंजलेला आहे. ही तपासणी फार थोडे लोक करतात, आणि एकाच वेळी दोन-तीन सेन्सरांचे कोड दाखवणाऱ्या गाडीत दोष बहुधा इथेच मिळतो, कारण सगळ्या सेन्सरांचे आकडे शेवटी अर्थच्या तुलनेतच मोजले जातात.

किल्ली चालू केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. ती आली नाही तर फ्यूज, रिले आणि पंपाचा कपलर पाहावा. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर पंप चालतच नाही, म्हणून कार्ब्युरेटरच्या गाडीसारखे ढकलून ती सुरू करण्याचा प्रयत्न व्यर्थ जातो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायर जोडून गाडी चालू करण्याची पद्धत धोक्याची आहे. घाईत लाल-काळी वायर उलटी लागली तर क्षणात ईसीएम जातो.

कपलर आणि वायरिंग

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. आपल्या भागातली परिस्थिती वायरिंगला विशेष जाचक आहे. भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवलेला असतो, त्यात उंदीर घर करतात, आणि गाडी रात्री त्याच ओसरीत उभी असते. टाकी वर उचलली की वायरिंगच्या टेपवर दातांच्या खुणा, कापसाचे बोंदरे आणि लेंड्या हमखास सापडतात. दोन वायरींची इन्सुलेशन खाल्ली गेली असेल आणि त्या अजून एकमेकींना टेकल्या नसतील, तर गाडी चालत राहते आणि पहिल्या पावसात बंद पडते.

किल्ली बंद करून एकेक कपलर लॉक दाबून काढावा. वायर धरून ओढू नये. आतली पिन उजेडात, शक्यतो मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरपी धरून पाहावी. निरोगी पिन एकसारखी चकचकीत दिसते. दोष असलेल्या पिनेच्या मुळाशी हिरवट, पिठासारखी बुरशी जमलेली असते, आणि बऱ्याचदा ती एकाच पिनेवर असते, शेजारच्या पिना स्वच्छ असतात. म्हणून वरवर नजर टाकून कपलर लावून देऊ नये. दुसरा दोष पिन मागे सरकण्याचा आहे. कपलर लागल्याचा टक असा आवाज येतो, पण एक पिन बाकीच्यांपेक्षा आत दबलेली असते आणि ती टेकतच नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून मऊ ब्रशने साफ करावे, पूर्ण वाळू द्यावे, रबराचे सील जागेवर आहे का ते पाहावे आणि मगच कपलर लावावा. पॉलिश पेपरने पिन घासू नये, कारण वरचा मुलामा निघून जातो आणि दोन महिन्यांत गंज पुन्हा येतो.

त्यानंतर इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवून पाहावे. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवावे; टाकीखालून स्टिअरिंगजवळ जाणारा वायरींचा जुडगा, सीटखालचा ईसीएमचा कपलर आणि थ्रॉटल बॉडीजवळचे (इंजिनात जाणारी हवा ॲक्सिलरेटरप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या भागाजवळचे) कपलर एकेक करून हलवावेत. एखाद्या ठिकाणी रेस बदलली किंवा इंजिन अडखळले तर दोष त्याच हातभर जागेत आहे. स्टिअरिंगजवळ वायर अशी तुटते, की बाहेरची इन्सुलेशन अखंड असते आणि आतली तांब्याची तार तुटलेली असते. बोटांनी चिमटीत धरून वाकवली तर त्या जागी वायर पुरणपोळीसारखी लुसलुशीत लागते. अशी वायर टोचून पाहण्याची गरज नाही. टोचलेल्या प्रत्येक छिद्रातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते. मोजमाप करायचे तर बारीक टाचणी कपलरच्या मागून, वायरीच्या कडेने आत सरकवावी आणि मीटरचे टोक टाचणीला लावावे. दोन टाचण्या एकमेकींना टेकणार नाहीत एवढे पाहावे.

वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाविषयी: फवारा सीटखाली, थ्रॉटल बॉडीवर आणि ईसीएमकडे मारू देऊ नये. वॉशिंगनंतर सुरू झालेल्या तक्रारीत कपलर उघडून दिवसभर वाळवणे हाच अनेकदा पूर्ण उपाय ठरतो.

कोड वाचणे

एप्रिल २०२३ पासूनच्या, भारत स्टेज सहाच्या दुसऱ्या टप्प्याच्या गाड्यांत बहुधा स्कॅनर (गाडीच्या प्लगला जोडून कोड आणि सेन्सरांचे आकडे दाखवणारे यंत्र) लागतो; त्याआधीच्या अनेक गाड्यांत दिव्याच्या उघडझापीवरूनही कोड वाचता येतो. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत लांब उघडझाप म्हणजे १० आणि छोटी म्हणजे १ धरतात. म्हणजे सात छोट्या हा इंजिनाच्या तापमानाचा कोड, आठ हा थ्रॉटलचा, नऊ हा आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा, एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे १२ हा इंजेक्टरचा, आणि दोन लांब व एक छोटी म्हणजे २१ हा ऑक्सिजन सेन्सरचा. इतर कंपन्यांची पद्धत वेगळी असते, म्हणून त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे. स्कॅनरवर पी ०१०७ आणि पी ०१०८ हे मॅप सेन्सरचे, पी ०११७ आणि पी ०११८ इंजिनाच्या तापमानाचे, पी ०१२२ आणि पी ०१२३ थ्रॉटलचे, तर पी ०३३५ हा क्रँकचा कोड असतो.

कोड सर्किटाचा असतो, सुट्या भागाचा नसतो, ही गोष्ट दुकानात सेन्सर मागण्यापूर्वी नक्की आठवावी. वरच्या जोड्यांत पहिला कोड सिग्नल फार खाली असल्याचा आणि दुसरा फार वर असल्याचा आहे. थ्रॉटल किंवा मॅप सेन्सरचा आकडा फार वर असेल तर बहुधा अर्थची वायर तुटलेली असते. तापमानाच्या सेन्सरचा फार वर असेल तर वायर तुटली आहे किंवा कपलर निघाला आहे. कोड लिहून घ्यावा, मग पुसावा, गाडी चालवावी आणि कोणता परत येतो ते पाहावे. जुन्या उतरलेल्या बॅटरीमुळे साठलेले कोड परत येत नाहीत.

सेन्सर, सोप्याकडून अवघडाकडे

तापमानाचा सेन्सर सर्वांत सोपा आहे. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी सुरू करण्यापूर्वी स्कॅनरवर इंजिनाचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे, आणि बाहेरच्या हवेइतके दिसायला हवे. दोघांत पंधरा-वीस अंशांचा फरक असेल तर त्यांतला एक खोटे बोलतो. स्कॅनर नसेल तर मीटरने ओहम मोजावेत: या सेन्सरांचा रोध थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी होतो. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो, परंतु २० ते २५ अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना काही शे ओहम हा सर्वसाधारण पल्ला आहे. सेन्सर काढून त्याचे टोक गरम पाण्यात धरावे आणि आकडा सलग, न अडखळता उतरतो का ते पाहावे. आणखी एक उपयोगी युक्ती अशी, की कपलर काढल्यावर स्कॅनरवर उणे ४० अंशांच्या आसपास आकडा दिसायला हवा आणि कपलरच्या त्या दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडल्यावर तो एकदम फार वर जायला हवा. दोन्ही घडले तर वायरिंग आणि ईसीएम ठीक आहेत आणि दोष सेन्सरमध्येच आहे. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर करावी. तीन वायरींच्या सेन्सरवर असे जोडल्यास ५ व्होल्टची लाइन शॉर्ट होईल.

थ्रॉटल सेन्सरसाठी किल्ली चालू, इंजिन बंद ठेवावे. आधी ५ व्होल्टची वायर आणि अर्थ तपासावी. ५ व्होल्ट येत नसतील तर सेन्सरला दोष देऊ नये. त्या लाइनीवरचे सेन्सर एकेक करून काढावेत, आणि ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात तोच आतून शॉर्ट आहे असे समजावे. व्होल्टेज ठीक असेल तर सिग्नलच्या वायरीवर मीटर लावून ॲक्सिलरेटर अगदी हळू फिरवावा. बंद स्थितीत सुमारे अर्धा ते पाऊण व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर चारच्या पुढे आकडा मिळतो. पाहायचे ते मधल्या प्रवासाकडे. चांगल्या सेन्सरमध्ये आकडा ०.७, ०.९, १.१, १.४ असा चढत जातो. झिजलेल्या सेन्सरमध्ये तो १.१ वरून अचानक ०.३ वर पडतो आणि पुढच्या क्षणी १.३ दाखवतो, आणि ही जागा बहुतेक वेळा पाव उघडलेल्या थ्रॉटलचीच असते, कारण गावातल्या रस्त्यांवर ॲक्सिलरेटर वर्षानुवर्षे तेवढाच फिरवला जातो. तिसऱ्या तक्रारीचे कारण हेच असते. साधा मीटर हा क्षणिक पडाव हुकवू शकतो, म्हणून हात फारच सावकाश चालवावा आणि दोन-तीनदा खालीवर करावे. सेन्सरचे बसवणीचे स्क्रू मात्र सैल करू नयेत. कारखान्यात लावलेली बैठक हलली की दुसराच त्रास सुरू होतो. काही गाड्यांत थ्रॉटल, हवेचा दाब आणि हवेचे तापमान हे तिन्ही सेन्सर एकाच युनिटमध्ये असतात आणि एक गेला तरी पूर्ण युनिट घ्यावे लागते, त्यामुळे तिथे मोजल्याशिवाय खर्च करणे अधिकच महागात पडते.

मॅप सेन्सरची परीक्षा निसर्गच घेतो. किल्ली चालू आणि इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, म्हणून आपल्या मैदानी भागात स्कॅनरवर ९५ ते ९९ किलोपास्कल दिसावेत. चिखलदऱ्याला, सुमारे १,१०० मीटरवर, हाच आकडा ८८-८९ च्या आसपास येतो आणि तो दोष नाही. इंजिन सुरू केल्यावर आकडा स्पष्टपणे खाली यायला हवा. एका सिलिंडरच्या इंजिनात तो थोडा थरथरणारच. खाली येत नसेल किंवा रेस वरखाली होत असेल, तर सेन्सरआधी थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांमधला रबरी जोड पाहावा. उन्हाने या रबराला बारीक भेगा पडतात. इंजिन चालू असताना जोडावर थोडे पाणी फवारले आणि रेस क्षणभर बदलली तर हवा तिथूनच आत ओढली जाते आहे. यासाठी पेट्रोल किंवा स्प्रे फवारण्याची रीत कुठे पाहिली असेल तर ती विसरावी. तापलेल्या सायलेन्सरजवळ आग लागते. उभ्या गाडीची रेस वरखाली होण्याच्या तक्रारीत थ्रॉटल बॉडीतला काजळीचा थरही साफ करून पाहावा.

ऑक्सिजन सेन्सर ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून पाच-दहा मिनिटे गाडी चालवूनच मोजावा. सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत राहिला पाहिजे. कायम खाली अडकला तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे किंवा सायलेन्सरचा गॅस्केट फुटून बाहेरची हवा पाइपात जात आहे. कायम वर अडकला तर पेट्रोल जास्त जळत आहे. दोन्हींत सेन्सर खरे बोलत असण्याची शक्यता मोठी असते. त्याच्या सिग्नलच्या पिनेवर ओहम कधीही मोजू नयेत. हीटर असलेल्या प्रकारात फक्त हीटरच्या दोन वायरींवर मोजता येतात. सायलेन्सरच्या जोडाला सिलिकॉनचे सीलंट लावल्यास त्याची वाफ सेन्सर खराब करते. बाजारात मिळणारा, सेन्सरच्या जागी बसवायचा नकली प्लग लावू नये. दिवा विझतो, पण पेट्रोल अंदाजाने जळत राहते.

क्रँकचा सेन्सर शेवटी, कारण तो मॅग्नेटच्या झाकणात असतो आणि त्याचा दोष लपतो. कपलर काढून त्याचे ओहम मोजावेत; लहान इंजिनांत ते साधारणपणे शंभर ते काही शे असतात. दोन्ही पिना आणि इंजिनाचा धातू यांच्यात मात्र, मॅन्युअलमध्ये तसे दिले असेल तर, जोड असता कामा नये. थंड गाडीवर हे आकडे अगदी बरोबर येतात आणि इथेच फसगत होते, कारण कॉइलच्या आतल्या केसासारख्या तारेचा जोड ती तापून ताणली गेल्यावरच तुटतो. म्हणून दुपारी, गाडी बंद पडताच, रस्त्याच्या कडेलाच मोजावे. त्या वेळी मीटरवर अनंत रोध दिसला आणि गाडी थंड होऊन सुरू होताना तो पुन्हा दोनशे-अडीचशे ओहमवर आला, तर आणखी पुराव्याची गरज नाही. ओहम ठीक असतील तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ फिरवावा. आकड्यात हालचाल दिसली पाहिजे. शून्यावर स्थिर असेल तर कॉइल, तिची वायर किंवा मॅग्नेटशी असलेले अंतर यांपैकी एकात दोष आहे.

कुठे थांबावे

पेट्रोलची लाइन काढण्याची वेळ आली की थांबावे. बहुतेक गाड्यांत तिच्यात सुमारे २९४ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ तिप्पट, दाब असतो आणि पाइप सुटताच पेट्रोल डोळ्यांत व तापलेल्या इंजिनावर उडते. पंपाचा दाब मोजायला गेज लागतो आणि ते काम गेज असलेल्या मिस्त्रीचेच आहे. मॅग्नेटचे झाकण उघडण्यासाठी पुलर, नवे गॅस्केट आणि अंतर लावण्याचा सराव लागतो. यांतले एखादे जरी नसले तरी हात लावू नये. सर्व सेन्सर काढूनही ५ व्होल्ट परत येत नसतील, वायरिंग जळाल्याचा वास येत असेल, एबीएसचा दिवा लागला असेल, किंवा गाडी वॉरंटीत असेल, तरीही गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये न्यावी. वॉरंटीतल्या गाडीत जोडलेली एखादी टेपची वायरही पुढे दावा नाकारायला पुरेशी ठरते. कॅरिअर किंवा गार्डला वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीएमचा कपलर आधी काढून घ्यावा, आणि किल्ली चालू असताना ईसीएमचा कपलर कधीही काढू नये.

वर्कशॉपला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: पुसल्यानंतर परत आलेला कोड, थंड आणि गरम असताना मोजलेले ओहम, सेल्फ दाबतानाचे बॅटरीचे व्होल्ट, आणि दोष कोणत्या परिस्थितीत येतो ते. तिथे कोणी थेट ईसीएम बदलण्याचा सल्ला दिला तर ५ व्होल्ट आणि अर्थ या दोन्ही वायरी ईसीएमच्या कपलरवरच मोजून दाखवायला सांगावे, कारण ईसीएम हा या गाडीतला सर्वांत महाग इलेक्ट्रॉनिक भाग असून तो बसवल्यावर बहुधा परत घेतला जात नाही.